गॅस इंजिन घेण्याआधी हवेची परवानगी: बडोद्यातल्या कारखानदारासाठी

मकरपुरा जीआयडीसीतल्या (सरकारी औद्योगिक वसाहतीतल्या) कुठल्याही मध्यम कारखान्याची सीसीए, म्हणजे प्रदूषण मंडळाची एकत्रित संमती, उघडा. चार-पाच पानं उलटली की फ्ल्यू गॅसच्या, म्हणजे जळणातून निघणाऱ्या वायूच्या, चिमण्यांचा तक्ता येतो: चिमणी कशाला जोडली आहे, उंची किती, इंधन कोणतं आणि शेवटच्या रकान्यात मर्यादा. पीएम (धुळीचे कण) 150 मिलिग्रॅम, एसओटू (सल्फर डायऑक्साइड) 100 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत इतके भाग, नॉक्स (नायट्रोजनची ऑक्साइडं) 50 पीपीएम. जीपीसीबीच्या, म्हणजे गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, कन्सेंटमध्ये ही त्रिसूत्री इतक्या वेळा छापलेली असते की आपण ती वाचतच नाही. बॉयलर असेल तर वाचली नाही म्हणून सहसा बिघडत नाही. पण त्याच तक्त्यात एक मेगावॅटचं गॅस इंजिन जाऊन बसलं आणि त्याच्यापुढेही तोच 50 चा आकडा आला, तर इंजिन पहिल्या दिवसापासून नापास. गॅस कितीही स्वच्छ असो.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो. गॅस इंजिनाच्या परवानगीचं खरं काम फॉर्म भरताना होत नाही, ते खरेदीची ऑर्डर देण्याआधी होतं. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

गॅस आहे, धूर नाही, मग परवानगी कशाची?

हा प्रश्न मला दांडिया बाजारात चहाच्या टपरीवरही विचारला जातो. बडोद्यात सत्तरच्या दशकापासून घराघरांत पाइपचा गॅस आहे, त्यामुळे गॅस म्हणजे निर्धोक हे आपल्या हाडीमाशी भिनलंय. अर्धं खरं आहे. नैसर्गिक वायूत गंधक जवळजवळ नसतं, त्यामुळे एसओटू नगण्य आणि काजळीही नगण्य. पण नॉक्स इंधनातून येत नाही. सिलिंडरमधल्या प्रचंड तापमानाला हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात आणि तो तयार होतो. ज्वाला जितकी गरम, तितका नॉक्स जास्त. त्याच्या जोडीला अर्धवट जळलेल्या वायूचा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळता निसटलेला मिथेन. यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहायचं तर 1981 च्या वायू प्रदूषण कायद्याचं कलम 21 लागू होतं: मंडळाची पूर्वसंमती घेतल्याशिवाय संयंत्र उभारायचं नाही आणि चालवायचंही नाही. कलम 22 म्हणतं, ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे उत्सर्जन करायचं नाही. आणि कलम 31-अ खाली मंडळ कारखाना बंद करायला, वीज-पाणी तोडायलाही सांगू शकतं. धूर दिसतो की नाही, हा मुद्दा यात कुठेच येत नाही.

बडोद्यापुरती एक गोष्ट आणखी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या (सीपीसीबी) 2018 च्या औद्योगिक प्रदूषण निर्देशांकात वडोदरा 89.09 गुणांवर होतं. 70 च्या वर गेलं की 'अतिप्रदूषित क्षेत्र' धरतात. इथे नव्या उत्सर्जनाचा अर्ज जास्त बारकाईने वाचला जातो, हे गृहीत धरूनच कागद तयार करा.

पहिली पायरी: 800 किलोवॅटच्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहात?

जनरेटर सेटचे नियम एका रेषेवर दुभंगतात आणि ती रेषा आहे 800 किलोवॅट. ही इंजिनाची यांत्रिक शक्ती, अल्टरनेटरची (वीज तयार करणाऱ्या भागाची) नव्हे, आणि केव्हीए (सेटवर छापलेली क्षमता) तर मुळीच नव्हे. इथे पुष्कळजण फसतात. 1000 केव्हीएचा सेट 0.8 पॉवर फॅक्टरला 800 किलोवॅट वीज देतो, म्हणून लोक म्हणतात, 'आमचा 800 च्या आतच आहे.' पण अल्टरनेटरची कार्यक्षमता 96 टक्के धरली तर इंजिनाला 833 किलोवॅट द्यावे लागतात. रेषा ओलांडली! 900 केव्हीएचा सेट घेतलात तर वीज 720, इंजिन 750. हा आत.

रेषेच्या आत असाल तर काम बरंच सोपं आहे. 3 नोव्हेंबर 2022 च्या अधिसूचनेने नवी मानकं आणली, बाजारात त्यांना सीपीसीबी फोर प्लस म्हणतात, आणि ती 1 जुलै 2023 पासून लागू झाली. डिझेल, पेट्रोल, गॅस सगळे त्यात येतात. 56 ते 560 किलोवॅटच्या इंजिनाला नॉक्स 0.40 ग्रॅम प्रति किलोवॅट-तास, 560 ते 800 च्या इंजिनाला 0.67, आणि दोघांनाही कार्बन मोनॉक्साइड 3.5. हे पाळण्याची जबाबदारी बनवणाऱ्याची किंवा आयात करणाऱ्याची. त्याने पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून टाइप अप्रूव्हल (मॉडेलची मंजुरी) आणि उत्पादन-अनुरूपतेचं प्रमाणपत्र घेतलेलं असलं पाहिजे. तुमचं काम एवढंच, की प्रमाणपत्राची प्रत हातात पडल्याशिवाय ॲडव्हान्स द्यायचा नाही आणि त्यावरचं मॉडेल इंजिनाच्या नेमप्लेटशी अक्षरशः जुळवून पाहायचं. परदेशातून जुनं, वापरलेलं इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून उचलणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

रेषेपलीकडे गेलात की कारखान्यातून शिक्का मारून येणारं प्रमाणपत्र नाही. तिथे तुमच्या चिमणीतून प्रत्यक्ष काय बाहेर पडतं, ते मोजलं जातं आणि मर्यादा ठरते कन्सेंटमध्ये. म्हणजे पुन्हा तोच तक्ता, तोच शेवटचा रकाना.

दुसरी पायरी: डेटाशीट वाचणं

या लेखातला सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच, आणि पैसा वाचवणाराही हाच.

युरोपीय बनावटीच्या लीन-बर्न (जास्त हवेत थोडा गॅस जाळणाऱ्या) इंजिनाच्या डेटाशीटवर नॉक्सपुढे 500 असं लिहिलेलं असतं. एकक मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर, आणि खाली बारीक अक्षरात '5 टक्के ऑक्सिजनवर', म्हणजे एक्झॉस्टमध्ये इतका ऑक्सिजन उरलाय असं धरून काढलेला आकडा. ही जर्मन पद्धत. अमेरिकन डेटाशीटवर आकडा ग्रॅम प्रति अश्वशक्ती-तासात येतो. तिथल्या ईपीए या पर्यावरण संस्थेचे नियम 500 अश्वशक्ती आणि त्यावरच्या, जुलै 2010 नंतर बनलेल्या गॅस इंजिनांना नॉक्स 1.0, कार्बन मोनॉक्साइड 2.0 आणि सेंद्रिय बाष्पं 0.7 ग्रॅम अशी मर्यादा घालतात, त्यामुळे त्यांच्या पत्रकात 1.0 किंवा 0.5 हे आकडे हटकून दिसतात. आपल्याकडे 800 च्या आत ग्रॅम प्रति किलोवॅट-तास, आणि मोठ्या इंजिनांची भाषा 15 टक्के ऑक्सिजनवरची.

एकच इंजिन तीन भाषांत कसं बोलतं बघा. 1.0 ग्रॅम प्रति अश्वशक्ती-तास म्हणजे 1.34 ग्रॅम प्रति किलोवॅट-तास, आणि हेच ढोबळमानाने 5 टक्के ऑक्सिजनवरचे 500 मिलिग्रॅम. आता हे 15 टक्क्यांवर आणायचं. हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के. 20.9 मधून 15 गेले, उरले 5.9. 20.9 मधून 5 गेले, उरले 15.9. 5.9 भागिले 15.9 म्हणजे 0.371. 500 ला त्याने गुणा: 186 मिलिग्रॅम. पीपीएममध्ये हवं असेल तर 2.05 ने भागा, साधारण 90 पीपीएम. हा 2.05 शून्य अंश सेल्सियसचा. आपल्याकडच्या लॅब नॉर्मल घनमीटर 25 अंशांवर धरतात आणि तिथे भाजक 1.88 होतो. जर्मन आकड्याला भारतीय भाजक लावून आठ-नऊ टक्क्यांचा घोळ करून ठेवलेले रिपोर्ट मी पाहिलेत.

यावरून दोन गोष्टी हाती लागतात. सीपीसीबी फोर प्लसची 0.67 ही मर्यादा म्हणजे जवळजवळ 250 मिलिग्रॅमवाली सेटिंग. विक्रेता '500 वालं' इंजिन 800 च्या आत विकत असेल, तर मागे युरियाचं एससीआर (एक्झॉस्टमध्ये युरिया सोडून नॉक्स मोडणारी यंत्रणा) किंवा तसंच काही लागणार. आणि नेहमीच्या त्रिसूत्रीतला 50 पीपीएम, ज्याच्यापुढे बहुतेक वेळा ऑक्सिजनचा उल्लेखच नसतो, '500 वाल्या' इंजिनाला एससीआरशिवाय गाठता येत नाही.

विक्रेत्याला लेखी विचारा: नॉक्स किती, कार्बन मोनॉक्साइड किती, मिथेन सोडून उरलेले हायड्रोकार्बन किती, कोणत्या ऑक्सिजनवर, 50, 75 आणि 100 टक्के लोडला, आणि हमी म्हणून की 'टिपिकल' म्हणून. 'टिपिकल' शब्दाला जीपीसीबीच्या दारात किंमत नाही. रिच-बर्न (गॅसच्या मानाने कमी हवेचं) इंजिन असेल तर कारसारखा थ्री-वे कॅटॅलिस्ट बसतो आणि नॉक्स खूप खाली येतो, पण त्याला हवा-इंधन नियंत्रण काटेकोर लागतं. लीन-बर्न गॅस कमी खातं, म्हणून चोवीस तास चालवायचं असेल तर बहुतेकजण तेच घेतात. त्याला कार्बन मोनॉक्साइडसाठी ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट आणि गरज पडली तर एससीआर. 800 च्या वरच्या डिझेल इंजिनांना 2002 च्या नियमात कार्बन मोनॉक्साइड 15 टक्के ऑक्सिजनवर 150 मिलिग्रॅम आहे. आपल्या गॅस इंजिनाची तुलना त्याच्याशी करून ठेवा, अर्जात उपयोगी पडते.

तिसरी पायरी: वर्षाला किती टन?

एक पानाचा हिशेब करा. एक मेगावॅट विजेसाठी इंजिन साधारण 1,040 किलोवॅट. 1.34 ने गुणलं की ताशी 1.39 किलो नॉक्स. वर्षाला 8,000 तास चाललं तर 11 टनांच्या वर. 250 ची सेटिंग घेतली तर निम्मं. नुसतं स्टँडबाय म्हणून 200 तास चाललं तर 280 किलोच्या आत.

तास हाच इथे खरा आकडा. अमेरिकेत तुम्ही लेखी मर्यादा स्वीकारली नाही, तर इंजिन वर्षाचे 8,760 तास पूर्ण लोडवर चालणार असंच धरतात, आणि बहुतेक भागांत कारखान्याचा एकूण आकडा 100 टनांवर गेला की 'टायटल फाइव्ह'चा मोठा परवाना गळ्यात पडतो. म्हणून तिथले लोक आपणहून तास बांधून घेतात. आपल्याकडे तसा उंबरठा नाही, पण युक्ती घेण्यासारखी आहे. स्टँडबाय असेल तर अर्जात 'स्टँडबाय' लिहा, तास लिहा, मीटर लावा. कॅप्टिव्ह (स्वतःच्या वापराची वीज) म्हणून रोज चालवणार असाल तर तेही उघड लिहा. 'स्टँडबाय' लिहून रोज चालवणाऱ्याचं बिंग गॅसचं बिल फोडतं. एक मेगावॅटचं इंजिन 42 टक्के कार्यक्षमतेला तासाला साधारण 240 घनमीटर गॅस पितं. तपासणीला आलेल्या माणसाने बिलाला 240 ने भागलं की तास बाहेर.

चौथी पायरी: एक्सजीएनवरचा अर्ज

गुजरातमध्ये सगळे अर्ज मंडळाच्या एक्सजीएन पोर्टलवरून जातात. दोन टप्पे. आधी सीटीई (उभारणीची संमती), ज्याला जुने लोक अजून एनओसीच म्हणतात. ती मिळाल्यावर उभारणी, आणि चालवण्याआधी सीसीए, ज्यात हवा, पाणी आणि घातक कचरा एकत्र येतात. कारखाना आधीपासून चालू असेल तर इंजिनापुरती अमेंडमेंट. 'आधीच डीजी सेट लिहिलेला आहे, त्याच्या जागी गॅसचा बसवला, त्यात काय' असं म्हणून चालत नाही. इंधन बदललं, क्षमता बदलली की तक्ता बदलला.

जोडायचे कागद: जागेचा दस्त किंवा जीआयडीसीचं ॲलॉटमेंट पत्र, इंजिन आणि चिमणी दाखवणारा लेआउट, गॅस पुरवठ्याचा करार किंवा पत्र, गुंतवणुकीचं सीएचं प्रमाणपत्र (फी त्यावर ठरते), डेटाशीट आणि टनांचा हिशेब. शेवटचे दोन कागद कुणी मागो न मागो, जोडाच. सोबत एक पानाचं पत्र: हे स्पार्क इग्निशनचं लीन-बर्न गॅस इंजिन आहे, बॉयलर नाही, याच्या एक्झॉस्टमध्ये मुळातच नऊ-दहा टक्के ऑक्सिजन असतो, आम्ही अमुक मर्यादा, 15 टक्के ऑक्सिजनवर, पाळू अशी हमी देतो, सोबत विक्रेत्याचं हमीपत्र. असं पत्र नसेल तर शेवटच्या रकान्यात नेहमीची त्रिसूत्री येण्याची शक्यता दाट. आणि एकदा कन्सेंटमध्ये आकडा छापला की तो तुमचा झाला. तक्रार असेल तर कलम 31 खाली अपिलाला तीस दिवस. सीटीई हातात आल्याच्या संध्याकाळीच तो रकाना वाचा, देवापुढे ठेवून मग आठवड्याने नको.

विद्युत निरीक्षकांची मंजुरी, एमजीव्हीसीएलशी (इथल्या वीज वितरण कंपनीशी) समांतर चालवायचं असल्यास त्यांची परवानगी आणि कॅप्टिव्ह विजेवरचा विद्युत शुल्काचा विषय वेगळे आहेत. ते एकाच वेळी सुरू करा.

पाचवी पायरी: चिमणी, आणि तिला भोक

उंचीचं सूत्र जनरेटर सेटवाल्यांना पाठ असतं: इमारतीची उंची अधिक 0.2 गुणिले केव्हीएचं वर्गमूळ. शेड 9 मीटर, सेट 900 केव्हीए, 900 चं वर्गमूळ 30, त्याचे 6 मीटर, एकूण 15. पण 800 किलोवॅटच्या वरच्या डिझेल सेटसाठी 2002 चा नियम वेगळा. गंधकावर आधारित सूत्राचं उत्तर, इमारतीच्या वर 6 मीटर, किंवा 30 मीटर, यांतलं जे जास्त असेल ते. गॅसला गंधकाचं उत्तर किरकोळच येतं, पण तुमच्या कन्सेंटमध्ये हाच नियम धरला तर 15 ऐवजी 30 मीटरचं धुराडं, पाया आणि गाय-रोप (ताणाच्या तारा) यांसकट. 900 आणि 1000 केव्हीएमधल्या निवडीत हा खर्च कुणी धरत नाही.

आता भोकाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात, नाव नको, मी पहिल्या मॉनिटरिंगला उभा होतो. मे महिना, दुपारचे दोन, पत्र्याच्या शेडवर पाय ठेववत नव्हता. लॅबचा मुलगा प्रोब खांद्यावर घेऊन चिमणीभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, "काका, भोक कुठंय?" भोक नव्हतं. फॅब्रिकेटरने चिमणी सुबक बनवली होती, वर ॲल्युमिनियमचं क्लॅडिंग चढवलं होतं आणि सॅम्पलिंग पोर्ट ड्रॉइंगमधून गळला होता. तो सल्लागार मीच होतो, तेव्हा दोष दुसऱ्यावर ढकलता आला नाही. इंजिन थंड होईपर्यंत थांबा, क्लॅडिंग कापा, वेल्डर बोलवा. चार दिवस गेले.

तेव्हापासून ड्रॉइंगवर लाल पेनने लिहितो: शेवटच्या बेंडपासून चिमणीच्या व्यासाच्या आठपट अंतरावर आणि वरच्या तोंडापासून किमान दोनपट खाली, चार इंची पोर्ट, फ्लँज आणि झाकणासकट. 400 मिलिमीटर व्यास असेल तर 3.2 मीटर सरळ नळी खाली आणि 80 सेंटिमीटर वर. शिवाय कठड्याचा प्लॅटफॉर्म, पक्की शिडी आणि जवळ विजेचा सॉकेट. कॅटॅलिस्ट असेल तर त्याच्या आधीही एक छोटा पोर्ट ठेवा, कॅटॅलिस्ट दमला की नाही ते त्याशिवाय कळत नाही.

आवाजाचंही इथेच उरकून घ्या. कॅनोपीपासून (सेटवरच्या ध्वनिरोधक पेटीपासून) एक मीटरवर 75 डेसिबल. खोलीत बसवलेल्या मोठ्या सेटसाठी खोलीच्या ध्वनिरोधनाने 25 डेसिबलची घट मिळाली पाहिजे.

सहावी पायरी: पहिलं मोजमाप आणि सीसीए

मान्यताप्राप्त लॅब घ्या, आणि तिला आधीच सांगा की नॉक्स आयएस 11255 च्या भाग 7 प्रमाणे, आणि सोबत ऑक्सिजन हवाच. ऑक्सिजन न मोजलेला नॉक्सचा रिपोर्ट गॅस इंजिनाला निरुपयोगी. त्या मे महिन्यातल्या इंजिनाचं शेवटी मोजमाप झालं तेव्हा नॉक्स 138 पीपीएम आला आणि मालकांचा चेहरा उतरला. ऑक्सिजन होता 9.2 टक्के. 20.9 मधून 9.2 गेले, 11.7, 5.9 भागिले 11.7 म्हणजे 0.504, 138 चे झाले 70. कन्सेंटमध्ये 15 टक्क्यांचा उल्लेख आम्ही आधीच करून घेतला होता, म्हणून ते 70 धरले गेले. नसता केला, तर 138 च.

मोजताना इंजिन किमान 75 टक्के लोडला, तास-दीडतास स्थिर चाललेलं असावं, आणि लोड किती होता ते रिपोर्टवर छापून घ्या. थंड इंजिनाचा कॅटॅलिस्ट काम करत नाही.

चालू झाल्यावर

रोजच्या नोंदवहीत सहा रकाने पुरेत: तासांचा मीटर, गॅसचा मीटर, तयार झालेली युनिटं, लोड, एक्झॉस्टचं तापमान, आणि एससीआर असेल तर युरिया किती गेला. युरियाचा रकाना कोरा आणि इंजिन चालू, हे तपासणीत लगेच दिसतं. स्पार्क प्लग, हवा-गॅस मिश्रणाचं ट्युनिंग आणि कॅटॅलिस्ट धुण्याच्या तारखा वेगळ्या पानावर. सर्व्हिसवाला कधीकधी 'पिकअप येत नाही' म्हणून मिश्रण थोडं रिच करून जातो. इंजिन खुश, नॉक्स दुप्पट. प्रत्येक ट्युनिंगनंतर हातातल्या ॲनालायझरने एकदा मोजायला लावा.

अमेरिकेत अशा मोठ्या, बनवणाऱ्याचं प्रमाणपत्र नसलेल्या इंजिनांची चाचणी दर 8,760 चालू तासांनी किंवा तीन वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, पुन्हा करावी लागते. आपल्याकडे वारंवारता कन्सेंटच्या अटीत लिहिलेली असते, ती पाळा.

बदललेलं इंजिन ऑइल हा घातक कचरा, 2016 च्या नियमांत वर्ग 5.1. तो सीसीएत लिहून घ्यायला लोक विसरतात आणि मग पिंपं कुठे द्यायची हा पेच. नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवू नका, अधिकृत रिसायकलरलाच मॅनिफेस्टवर (कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रावर) द्या, वार्षिक विवरण 30 जूनपर्यंत. पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पाच, 30 सप्टेंबरपर्यंत.

इंजिनाचं ओव्हरहॉल करताना कंपनीने आख्खा ब्लॉक बदलून दिला तर नेमप्लेटवरचा नंबर बदलतो. शक्ती तीच असली तरी नव्या नंबरासह एक्सजीएनवर कळवा आणि पोचपावती फाइलला लावा. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी माणूस खाली वाकून नेमप्लेट वाचतो, आणि जुना नंबर असलेला कागद घेऊन तुम्ही शेजारी उभे असता.